शेवट सांगायचा नाही

बेल वाजवली की आतून ‘कोण?’ यायचं आणि मी बाहेरून ओरडायचे, ‘पुस्तकं!’ दूधवाला ‘दूध’ म्हणतो, कचरा न्यायला येणारी ‘कचरा’ म्हणते, तशी मी पुस्तकं. माझं नाव सुनंदा आहे हे कल्याणातल्या फार थोड्या घरांना माहीत असेल. मी ‘पुस्तकवाल्या ताई’. भाजीबाजारात कुणी ‘अहो पुस्तकं!’ अशी हाक मारली तरी मी वळून बघायचे. आता ठाण्याला मुलाकडे राहते, घोडबंदर रोडला, इतक्या वर की खालून जाणारं माणूस बाई आहे की पुरुष तेही कळत नाही. इथे मला तशी हाक मारणारं कुणी नाही.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं मी पुस्तकं विकायचे. छे हो. आमचं वाचनालय कल्याण पश्चिमेला, वरच्या मजल्यावर. ज्यांना जिना चढवत नाही, ज्यांच्या घरी आजारपण आहे, ज्यांना नोकरीपायी वाचनालयाच्या वेळा जमत नाहीत, अशांसाठी घरपोच सेवा होती. घरपोच सेवा म्हणजे मी. दोन रेक्झिनच्या पिशव्या, उजव्या हातात द्यायची पुस्तकं, डाव्या हातात परत आलेली. एके दिवशी रामबाग, एके दिवशी खडकपाडा, एके दिवशी मोहने-आंबिवली आणि तिथून पुढे टिटवाळा. टिटवाळ्याला माझी हद्द संपायची. जाताना उजवी पिशवी जड, येताना डावी. त्यामुळे मी जाताना एका अंगाला कलायचे आणि येताना दुसऱ्या. आमचे हे म्हणायचे, ‘तू लांबून दिसलीस की कळतं, काम झालंय की व्हायचंय.’

पण खरं काम वाहायचं नव्हतं, निवडायचं होतं. ‘काहीतरी चांगलं आणा’ असं सगळेच म्हणतात. चांगलं म्हणजे काय, ते घरागणिक वेगळं. रामबागेत एक आजी होत्या, त्यांची अट एकच: पुस्तकात कुणी मरायला नको, आणि मरायचंच असेल तर पहिल्या प्रकरणात मरू दे, म्हणजे पुढचं सुखाने वाचता येतं. खडकपाड्याचे एक साहेब पुस्तक हातात घेऊन आधी वजन बघायचे. ‘हे काय पावशेर आणलंत? दोन दिवसांत संपेल!’ एक बाई शेवटचं पान दारातच वाचायच्या आणि मग ठरवायच्या, ठेवायचं की परत द्यायचं. आणि खुणा! वाचता वाचता माणसं पानात काय ठेवतील त्याचा नेम नाही. केसांच्या पिना, कढीपत्त्याची काडी, गॅसची पावती. एकदा तर चक्क भाजलेला पापड निघाला. पुढच्या खेपेला विचारलं तर घरातल्या वहिनी म्हणाल्या, ‘अगंबाई, इथे होय! अहो, त्या पापडावरून आमच्याकडे भांडण झालेलं, कुणी खाल्ला म्हणून.’

आमचे ग्रंथपाल नाना. त्यांनी पहिल्याच दिवशी मला एक नियम घालून दिला. म्हणाले, ‘हे बघा, तुम्ही उंबऱ्याच्या आत जाणार. लोक पाणी देतील, चहा देतील, आणि बोलतील. पुस्तक इकडचं तिकडे न्यायचं. घरातलं मात्र घरात ठेवून यायचं.’ हा नियम मी पाळला. सोपा नव्हता. पुढे एकदा तर या नियमापायी मी रिक्षात बसून रडलेले आहे, ते सांगते.

वाचनालयाची एक जुनी रीत होती. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी वाचनकक्षातली टेबलं भिंतीला लावायची, खुर्च्या मांडायच्या, आणि ज्याला वाटेल त्याने उठून आपलं ‘वर्षाचं पुस्तक’ सांगायचं. वर्षभरात वाचलेल्यातलं जे मनात राहिलं ते. ते नवंच असलं पाहिजे, गाजलेलं असलं पाहिजे, असं काही नाही. कोण काय सांगेल! एका पोराने गणिताचं पुस्तक सांगितलेलं, एका काकूंनी लोणच्यांचं, आणि दोघांनाही टाळ्या पडल्या. नियम एकच, शेवट सांगायचा नाही. बाकीच्यांना वाचायचंय ना? कुणी शेवटाकडे वळलं की नाना काउंटरवरची घंटी टणकन वाजवायचे. मग चहा आणि बटाटेवडे, आणि वड्यापाशी खरी भांडणं.

घरपोच सेवेतली माणसं यायची कशी? म्हणून त्यांचं मी सांगायचे. नोव्हेंबर लागला की घरोघर विचारत सुटायचे, ‘काय मग, या वर्षाचं कोणतं?’ ती माणसं खुलायची हो. एरवी ‘ठेवा तिथे’ म्हणणारे सुद्धा बसून घ्यायचे. ते बोलतील ते डोक्यात साठवायचं आणि रविवारी उभं राहून त्यांच्या वतीने बोलायचं. मला त्या प्रश्नाची चटक लागली होती. कुणी मला उलटा विचारला नाही कधी. त्याचं वाईटही वाटलं नाही. पोस्टमनला कुणी विचारतं का, तुझं पत्र आलं का म्हणून?

आता सावंतकाका आणि बाई.

सावंतकाका मोहन्याचे. रेयॉनच्या कंपनीत बॉयलरवर होते, कंपनी बंद झाल्यावर घरी. मूळचे मालवणकडचे. काकूंना अर्धांगवायू झालेला, त्या खिडकीपाशी कॉटवर असायच्या, आणि काका त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. बॉयलरवर उभं आयुष्य ओरडण्यात गेलेलं, त्यामुळे ते वाचायला लागले की सगळी चाळ ऐकायची. शेजारची म्हणायची, ‘ताई, जरा बरं काहीतरी देत जा, आम्हालाही ऐकावं लागतं.’

बाई म्हणजे गायकवाडबाई. रामबागेत एकट्या राहायच्या, पोस्टात नोकरीला. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि बाकी सगळी पुस्तकं. स्वतःची एवढी असून वाचनालयाची वेगळी. बोलणं तोडून टाकणारं. चहा मात्र फार छान करायच्या, आलं ठेचून. तरुण वयात सासर सोडून निघालेल्या. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एकदाच म्हणाल्या, ‘माहेरी गेले तर वडील दारात उभे राहिले, बाजूला झाले नाहीत. मग मी इकडे आले. त्यानंतर कुणी बघायलाही आलं नाही.’

हे दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. त्यांचं भांडण लावलं एका कादंबरीने.

नवीनच आलेली, मध्यम जाडीची. एक बाई एके सकाळी मागल्या दाराने घर सोडते. शहरात येते, शिवणकामाच्या कारखान्यात लागते, खोली घेते, पडते, उठते. बरीच वर्षं जातात. आणि शेवटच्या पानावर ती परत येते, दाराच्या कडीला हात घालते, आणि पुस्तक संपतं. आता मी शेवट सांगितलाच. नाना असते तर घंटी वाजली असती. पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

काकांचं ते वर्षाचं पुस्तक. डोळे पुसत म्हणाले, ‘काय लिवलंन ओ! येतंच माणूस परत. घर ता घर.’ तेच पुस्तक पुढे बाईंकडे गेलं. बाईंनी ते माझ्या हातात जवळजवळ आदळलं. ‘लेखक घाबरला, ताई. एवढी उभी केली बाई, आणि शेवटी नेऊन त्याच दारात घातली. कशाला यायचं तिने परत? काय ठेवलंय तिथे?’

मी सहज म्हटलं, ‘मोहन्याला एकांना तर शेवटच आवडला.’

‘कोण ते? त्यांना सांगा, घर सोडायला काय लागतं ते सोडणाऱ्याला विचारा.’

मी सांगितलं. पुस्तकावरचं बोलणं होतं ते, नियमात बसत होतं. काका ताडकन उठले. ‘असां कसां? त्यांना म्हणावं, मागे राहिलेल्याला कोण विचारणार मग?’

झालं. तिथून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं. प्रत्येक नव्या पुस्तकावरून दोघं माझ्यामार्फत भांडायचे, आणि फिरून फिरून त्या परत येणाऱ्या बाईवर यायचे. मंगळवारी मोहन्याचं बोलणं घ्यायचं, शुक्रवारी रामबागेत पोचवायचं. वर्षअखेरीच्या सभेत तर माझी सर्कस. काकांना काकूंना सोडून येता यायचं नाही, बाई सुटी काढून बुद्धगयेला नाही तर नागपूरला जायच्या. मग दोघांचंही मीच सांगायचे. डावीकडे तोंड करून ‘सावंतकाका म्हणतात’, उजवीकडे तोंड करून ‘गायकवाडबाई म्हणतात’. सभा पोट धरून हसायची. एकदा मी काकांच्या बाजूने एवढी तावातावाने बोलले की बाईंचं उत्तर देताना माझाच घसा बसला. नाना म्हणाले, ‘सुनंदाबाई, पाणी प्या, तुम्ही तुमच्याशीच हरताय.’

हसत होते सगळे. मला एकटीला माहीत होतं की ते भांडण पुस्तकाचं नव्हतंच.

सावंतांना एक मुलगी होती, मेघा. तिने कंपनीतल्याच काकांच्या एका सोबत्याच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा बौद्ध. घरी सांगितलं असतं तर नाही म्हटलं असतं, म्हणून सांगितलंच नाही. एके सकाळी गेली. काका मला एकदा म्हणाले, ‘जातीचं काही नाही ओ माझं, न सांगता गेली त्याचं आहे.’ असं सगळेच म्हणतात. आणि हाच माणूस दर मंगळवारी दारात मला विचारायचा, ‘बाई काय म्हणाल्या?’ बाईंचा शब्द आला नाही तर चेहरा पडायचा त्यांचा. बाई गायकवाड आहेत, बौद्ध आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. तिकडे मान द्यायचा आणि इकडे जावयाचं नाव काढायचं नाही. माणसाचं असंच असतं, डोक्यातल्या दोन खोल्यांना मधे दार नसतं.

मुलगी कुठे होती? लांब कुठे गेली नव्हती. खडवलीला. मोहन्याचं स्टेशन आंबिवली, पुढचं टिटवाळा, त्याच्या पुढचं खडवली. झालं. दोन स्टेशनं.

हे मला काकूंनी सांगितलं. काका आत चहा टाकायला गेले की त्या खूण करून मला जवळ बोलवायच्या. जीभ जड झालेली, पण कळायचं. ‘ताई, तुम्ही टिटवाळ्याला जाता ना?’

‘हो काकू.’

‘पुढे नाही जात?’

‘नाही हो. टिटवाळ्यापर्यंतच आहे माझं.’

दर मंगळवारी हेच. दर मंगळवारी मी तेच उत्तर द्यायचे आणि त्या ‘बरं’ म्हणून खिडकीकडे बघायच्या. कुणी म्हणेल, जायचं होतंस एकदा, एक स्टेशन तर पुढे! पण नानांचा नियम होता, आणि नियम सोडला तरी मी काय सांगणार होते त्या पोरीला? आई वाट बघते म्हणून? आणि बाप दारात उभा राहिला तर? एका बापाने काय केलं ते मी रामबागेत ऐकून बसले होते. एका घरात सोडून आलेली लेक, एका घरात वाट बघणारी आई, आणि मधे मी पुस्तकांच्या पिशव्या घेऊन. बाईंना एका वाक्यात सांगता आलं असतं की तुम्ही ज्यांच्याशी भांडता त्यांचं दुखणं काय आहे. काकांना एका वाक्यात सांगता आलं असतं की समोरची बाई स्वतःच घर सोडून आलेली आहे आणि तिला बघायला कुणी गेलं नाही. नाही सांगितलं.

काकू गेल्या. मला मंगळवारी दारात कळलं. कॉट काढलेली, खिडकी उघडी. काका जमिनीवर बसलेले. मी पिशव्या खाली ठेवल्या. ते म्हणाले, ‘मेघा आलेली म्हणे. शेजारणीने बघितलं. कोपऱ्यावर उभी होती, दारापर्यंत आली नाही. गेली परत.’ मग म्हणाले, ‘कडीला हात नाही लावला तिने, ताई. पुस्तकात लावते.’

मी पुस्तक न देताच निघाले. परतीच्या रिक्षात जी रडले, ती शहाड येईपर्यंत. रिक्षावाल्याने विचारलं, ‘मावशी, कुछ हुआ क्या?’ काय सांगू त्याला?

त्या वर्षी डिसेंबरात काकांना घरात थांबायला कारण उरलं नव्हतं. बाईही त्याच सुमारास रिटायर झालेल्या. मी दोघांनाही म्हटलं, ‘यंदा या हो. मी किती वर्षं दोन्ही तोंडांनी बोलू?’ आणि आश्चर्य म्हणजे दोघं आले. मी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवलेल्या. काका पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. बाई निळ्या साडीत. मी ओळख करून दिली, ‘हे सावंतकाका, या बाई.’

दोघांनी हात जोडले आणि बसले. आणि गप्प! इतक्या वर्षांची भांडणं, आणि तोंडातून शब्द नाही. काका हळूच माझ्याकडे वळून म्हणतात, ‘ताई, त्यांना विचारा, पंखा लागतोय का?’ बाई दोन वितींवर बसलेल्या! बाई मला म्हणतात, ‘त्यांना सांगा, चालेल.’ मला हसावं की रडावं कळेना. मी दोघांच्या मधे खुर्ची ओढली आणि बसले. मग जरा बोलणं सुरू झालं, पण सगळं माझ्या तोंडाकडे बघून.

काकांची पाळी आली. उभे राहिले, खुर्चीची पाठ धरून. म्हणाले, ‘यंदा मी एकच पुस्तक वाचलं. तेच, जुनं. परत वाचलं.’ सभेला माहीत होतं कुठलं, हशा झाला. ‘ह्या बाईंशी माझं त्याच्यावरून भांडण आहे. मी म्हणायचो, ती परत येते ते बरोबर. बाई म्हणायच्या, कशाला यायचं. यंदा वाचताना माझ्या लक्षात आलं. शेवटच्या पानावर ती येते तेव्हा...’

नानांनी घंटी वाजवली. टण.

‘वाजवा,’ काका म्हणाले. ‘शेवटच्या पानावर ती दारात येते, कडीला हात घालते. पण तोवरच्या सगळ्या पानांत त्या घरातलं एक माणूस तिला बघायला जात नाही. एक नाही. सगळे आत बसून वाट बघतात. मी पण तसाच. माझी मुलगी खडवलीला आहे. तिची आई वाट बघत गेली. बाई, तुमचं बरोबर होतं. तिने नाही यायचं. आपण जायचं असतं.’

पहिल्यांदाच ते थेट बाईंशी बोलले. नानांचा हात घंटीवर तसाच राहिला. मग काका माझ्याकडे वळले, आणि बॉयलरवरचा तो आवाज एवढासा झाला. ‘ताई, तुम्ही याल? तिला काय सांगायचं ते मला सुचायचं नाही. तुम्ही सांगा माझ्या वतीने.’

आणि मी नाही म्हटलं. जिवावर आलं हो, पण म्हटलं, ‘काका, पुस्तकाचं सांगते मी. हे तुमचं तुम्हालाच सांगायला हवं.’

ते खाली बघत उभे राहिले. तेवढ्यात माझ्या शेजारून निळी साडी उठली. बाई म्हणाल्या, ‘चला. मी येते तुमच्याबरोबर. बोलणार नाही, नुसती बसेन. माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. निदान कुणी येताना कसं दिसतं ते तरी बघते.’

वडे न खाता दोघं निघाले. मी वरच्या खिडकीतून बघत होते. स्टेशनच्या दिशेने, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून चाललेले.

पुढचं बाईंनी मला सांगितलं. खडवलीला स्टेशनपासून आत, नव्या बिल्डिंगांच्या मागे बैठं घर. मेघाने दार उघडलं, बापाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. शेवटी तीच म्हणाली, ‘चपला आत काढा, बाहेर कुत्रा नेतो.’ एवढंच. बाई म्हणाल्या, ‘ताई, एवढं चांगलं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.’

काका पुढे तिकडेच राहायला गेले. नंतर वाचनालयाने घरपोच सेवा बंद केली. लोकांना फोनवर वाचता येतं, मागवलं की पुस्तक दुसऱ्या दिवशी दारात येतं, मग मी कशाला? मला कुणी काढलं नाही, हार घातला, शाल दिली. बाद केलेल्या पुस्तकांतून मी ती कादंबरी मागून घेतली, पार सुटी झालेली, आणि खडवलीला काकांना नेऊन दिली. तेवढी एकदाच हद्द ओलांडली. मग आमचे हे गेले आणि मी ठाण्याला आले. पण डिसेंबर आला की खडवलीहून फोन यायचाच. ‘ताई, बाईंचं या वर्षाचं कोणतं?’ मी बाईंना विचारायचे, काकांना सांगायचे. दोघांकडे एकमेकांचा नंबर होता. तरी माझ्यामार्फतच.

गेल्या पावसाळ्यात काका गेले.

डिसेंबर आला. मी फोन जवळ घेऊन बसायचे, उगाचच. सून म्हणाली, ‘आई, कुणाचा यायचाय का?’ कुणाचा येणार? या घरात पार्सलं येतात, पुस्तकांचीही येतात, नातू वाचतो. आणणारा मुलगा दाराशी ठेवतो, फोटो काढतो, जातो. त्याला बिचाऱ्याला थांबायला वेळ नसतो. पण मला दार उघडून विचारावंसं वाटतं, अरे थांब, कसं होतं मागचं? आवडलं का? कुणाला तरी विचारावं, कुणीतरी सांगावं. जीव तुटतो हो तेवढ्यासाठी. सोसायटीत एवढी माणसं, लिफ्टमधे सगळी आकड्यांकडे बघत उभी.

आणि शेवटच्या आठवड्यात फोन आला. खडवलीचाच नंबर.

‘ताई, मेघा बोलतेय. बाबांचं ते पुस्तक मी वाचलं. ते असताना वाचू द्यायचे नाहीत, म्हणायचे, शेवट चुकलाय त्याचा. बाईंना माझं सांगाल?’

‘सांगते की. बोल.’

‘बाबांचंही चुकलं आणि बाईंचंही. मी कल्याणला नोकरीला जायचे ना, रोज खडवलीहून. आंबिवली आली की दाराशी येऊन उभी राहायचे. जाताना आणि येताना. गाडी थांबायची, सुटायची. उतरले नाही कधी. एवढी वर्षं, ताई. बाईंना सांगा, ती शेवटच्या पानावर परत आलेली नाही. ती पहिल्यापासून रोज येत होती. लेखकाने फक्त शेवटचा दिवस लिहिला.’

दर मंगळवारी खिडकीतून बघणाऱ्या काकू डोळ्यांसमोर आल्या. चाळीमागून गाडीचा भोंगा ऐकू यायचा त्यांना. त्यातल्या एका गाडीच्या दारात ही उभी असायची.

असलं काही फोनवर सांगायचं नसतं. मी दुसऱ्या दिवशी उठून कल्याणला गेले. रामबागेचा तोच जिना, गुडघ्यांनी आठवण करून दिली. बेल वाजवली.

‘कोण?’

‘पुस्तकं!’

आत काहीतरी पडलं. बाईंनी दार उघडलं. आता काठी आलीय हातात. माझे रिकामे हात बघून म्हणाल्या, ‘वाटलंच. काय घेऊन आलात?’

मी सांगितलं, मेघा बोलली तसंच, शब्द न बदलता. बाई ऐकत होत्या. चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, ‘मी पण डोंबिवलीवरून कितीदा गेले असेन. वडिलांचं घर दिसायचं गाडीतून. बघायचे नाही, मान वळवून बसायचे. म्हणजे मीही...’ त्या काठी टेकत उठल्या आणि गॅस बंद केला.

‘तिला काय सांगू?’ मी विचारलं.

‘काही नको सांगू. निरोप पुरे झाले आता. तिला म्हणावं, ये. इथे, माझ्याकडे. कडीबिडी काही नाही, दार उघडंच ठेवते.’

बाईंनी मला पहिल्यांदाच अगंतुगं केलं.

तिथूनच मी मेघाला फोन लावला. म्हटलं, बाईंनी घरी बोलावलंय, रविवारी ये. आणि मनात आलं, हा आपला शेवटचा निरोप. आता या दोघी एकमेकींशी बोलतील, मधे खुर्ची लागायची नाही. चांगलंच की.

‘येते,’ मेघा म्हणाली. ‘आणि ताई, तुमचं या वर्षाचं कोणतं?’

मी फोन कानाला धरून नुसती उभी राहिले. इतकी वर्षं घरोघर हा प्रश्न वाहिला मी, आणि मला तो कुणी विचारला नव्हता.

‘ताई? आहात ना?’

‘आहे,’ मी म्हटलं. ‘माझं या वर्षाचं ना? रविवारी सांगते.’

बाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘शेवट नको हां सांगू!’